कुठं दुखते, बोट ठेव

आदिलाबादेत खोली शोधताना आमचं आडनाव ऐकलं की घरमालकाला हटकून आठवायचं, की खोली कालच कुणाला तरी देऊन टाकली. माझा मोठा भाऊ या उत्तराला सरावलेला होता. मला मराठी शाळेची ऑर्डर मिळाली त्या आठवड्यात आम्ही चार घरं पाहिली आणि चारही ‘कालच’ गेलेली निघाली. पाचवं घर सिस्टरचं होतं.

दारात उंच, हाडकुळ्या, पांढऱ्या साडीतल्या बाई उभ्या होत्या. छातीवर सेफ्टी पिनेनं उलटं घड्याळ अडकवलेलं. भावानं नमस्कारासाठी हात जोडले तर त्यांनी त्यातला एक सोडवून घेतला आणि मनगट धरून घड्याळाकडे पाहत उभ्या राहिल्या. “नव्वद,” त्या म्हणाल्या. “चालत आला का?” मग माझ्याकडे वळल्या. “पाळी कवा येते? किती दिवस राह्यते? दुखते का?”

भाऊ लगेच शेजारच्या अंगणातलं लिंबाचं झाड बघायला निघून गेला. ते झाड त्यानं फार बारकाईनं पाहिलं.

“दुखतं,” मी म्हणाले.

“कुठं? बोट ठेव.”

मी ठेवलं. त्यांनी मान हलवली आणि खोलीची किल्ली काढून दिली. आडनाव त्यांनी विचारलं ते सहा महिन्यांनी, रेशनकार्डाच्या कामासाठी. ऐकून घेतलं, लिहिलं आणि कार्डावर घरातली माणसं किती दाखवायची ते विचारलं.

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या या नर्सला सगळं गाव सिस्टर म्हणायचं. भाजीवाला, वकील, निर्मलला राहणारा त्यांचा सख्खा भाचा, सगळे सिस्टरच म्हणायचे. नाव पत्रांवर दिसायचं तेवढंच. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी उटनूरकडच्या जंगलातल्या गावांत पायी फिरून काढली होती. त्यामुळे मराठी, तेलुगू, उर्दू आणि कामापुरती गोंडी अशा चार भाषा त्या बोलत, पण बोलण्याची रीत एकच: आधी प्रश्न, नंतर पुन्हा प्रश्न, आणि समोरचा आपणहून काही सांगायला लागला की “थे राहू दे, मी इचारलं थे सांग.”

नमस्कार हा प्रकार त्यांनी आयुष्यातून काढून टाकला होता. येईल त्याची नाडी बघायच्या. मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस तर फाटकातूनच हात पुढे करायचा. रीडिंग नंतर. एकदा त्याची नाडी त्यांना आवडली नाही, तेव्हा त्याला ओट्यावर बसवून ठेवलं आणि उरलेल्या गल्लीची वीज त्या दिवशी मोजलीच गेली नाही.

त्यांच्या स्वयंपाकघराच्या दारामागे दोन कॅलेंडरं होती. एक माझं आणि एक माझ्या आधीपासून राहणाऱ्या टायपिस्टचं. ही तेलुगू मुलगी मंडल कार्यालयात होती. मंडलं तेव्हा नवी नवी झाली होती, लोक अजून तालुकाच म्हणत. पाळीच्या दिवसांवर पेन्सिलीचं टिंब, दुखलं तर फुली, फार दुखलं तर दोन फुल्या, हा तिथला कायदा. पाव्हणा पाणी प्यायला आत आला की त्याला ती कॅलेंडरं दिसणारच. एका पाव्हण्यानं विचारलं, “सिस्टर, दूध दोघींचं वेगवेगळं येते का?” सिस्टरनी त्याला खरं काय ते सविस्तर सांगितलं. तो माणूस पुन्हा कधी पाणी प्यायला आला नाही.

खिडकीत सलाइनच्या तीन रिकाम्या काचेच्या बाटल्या, रबरी बुचांसकट. गरम पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून ती बाटली ओटीपोटावर धरायची. दुरून त्या बाटल्या पाहून सिस्टर रात्री ‘घेतात’ असा समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याचा पक्का समज होता. सिस्टरना तो माहीत होता. “मानू दे,” त्या म्हणायच्या. “त्या निमित्तानं तं कोनी उधार मागाले येत नाही.”

त्यांचं खरं भांडण एका शब्दाशी होतं. कडुपु नोप्पी. तेलुगूत पोटदुखी. बायकांच्या रजेच्या अर्जात तोच शब्द असायचा, मग दुखणं काही का असेना. टायपिस्टनंही दर महिन्याला तोच लिहिला होता. एकदा तिचा अर्ज सिस्टरच्या हाती लागला.

“कडुपु म्हंजे पोट,” त्या म्हणाल्या. “पोटात काय एकच सामान हाय? आतडं हाय, जठर हाय, पिशवी हाय, मुतायची थैली हाय. साहेबाले काय समजन?”

आणि त्यांनी नवी दरख्वास्त स्वतः लिहून दिली: मासिक पाळीचा पहिला दिवस, गर्भाशयाच्या आकुंचनामुळे वेदना, उद्यापर्यंत उतरतील, परवा हजर. टायपिस्ट रडकुंडीला आली, पण सिस्टरपुढे तिचं काही चालेना. नंतर तिनं सांगितलं की साहेबांनी पहिली ओळ वाचली आणि मान वर न करता सही केली. तिथून पुढे त्यांनी तिचे अर्ज वाचायचंच सोडून दिलं. ती एकदा बहिणीच्या लग्नाला गेली तोही अर्ज तसाच मंजूर झाला.

या टायपिस्टला आपल्याला काहीतरी भयंकर झालंय असं वाटायचं. पहिल्या दिवशी ती पांढरीफटक पडायची, ओकायची, जुलाब व्हायचे. तिच्या आजीनं तिला सांगितलं होतं की पिशवी उलटी आहे. सिस्टरनी तिला ओट्यावर बसवलं आणि म्हणाल्या, “मूठ आवळ. गच्च. सोडू नको.” मलाही आवळायला लावली. स्वतः घड्याळ बघत बसल्या.

दोन मिनिटांत बोटं पांढरी पडली. तीन मिनिटांत हात कोपरापर्यंत दुखायला लागला.

“पिशवी म्हंजे अशी मूठच हाय. तेवढीच. दर महिन्याले आतून अस्तर धरते, अन् पोर राह्यलं नाही का थे सोडते. सोडाले आवळा लागते. आंगात एक रस तयार होते, थो तिले म्हणते आवळ. रस जास्त झाला का ती जास्त आवळते. आवळली का तिचंच रक्त तिले भेटत नाही, म्हून दुखते. तुह्या बोटाईले भेटून राह्यलं का? थोच रस आतड्याले बी लागते, म्हून जुलाब. पिशवी उलटी नाही अन् पालटी नाही. सोड आता मूठ.”

आम्ही सोडली. बोटांत रक्त परत आलं, मुंग्या आल्या.

“हे साधं दुखणं. पयल्या दिवशी येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जाते, दर महिन्याले तेवढंच. साधं म्हंजे थोडं नाही बरं. साधं म्हंजे मागं काही लपून नाही. शेक घे, चालाफिराचं सोडू नको, अन् गोळी दुखून लोळाले लागल्यावर नाही, सुरू होताच घे. जेवून घे.”

टायपिस्टनं पुढच्या महिन्यात तसं केलं आणि अकरा वाजता साडी नेसून ऑफिसला गेली. आल्यावर तिनं सिस्टरच्या पाया पडायचा प्रयत्न केला. सिस्टरनी वाकलेल्या अवस्थेतच तिचं मनगट धरलं.

दुसरं दुखणं कोणतं, हेही त्या सांगायच्या. जे वर्षागणिक वाढतं. जे पाळीच्या आधी चार दिवस येतं आणि नंतरही रेंगाळतं. जे गोळीला जुमानत नाही. त्याच्या मागं काहीतरी असतं: पिशवीत गाठ, आत सूज, कधी बसवलेली तांबी, कधी पिशवीच्या आतल्यासारखं अस्तर पिशवीच्या बाहेरच उगवलेलं. “थे शोधा लागते. त्याले गोळी देत बसणं म्हंजे चोर घरात अन् कुलूप बाहेरून.” हे सगळं त्या भाजी निवडताना, भाजी घेताना, बसमध्ये, कुठेही सांगायच्या. एकदा कापसाच्या मार्केटसमोर मेथीची जुडी हातात धरून त्यांनी मेथीवालीला पिशवीच्या गाठींविषयी तेलुगूत इतकं समजावलं की मागच्या रिक्षावाल्यानं रिक्षा बंद करून ऐकलं.

मी त्यांना एकदा विचारलं, “सिस्टर, तुम्हाला फार त्रास व्हायचा का?”

“मले?” त्या म्हणाल्या. “मले कदीच दुखलं नाही. एक दिवस नाही. बेचाळिसाव्या वर्षी बंद झाली, थे बी मले चार महिन्यानं समजलं.”

मला हे विचित्र वाटलं. तसं चेहऱ्यावर दिसलं असावं.

“म्हून तं इचारते. ज्याले दुखते त्याले वाटते आपल्याले सारं ठाऊक हाय. मले ठाऊक नाही, म्हून मी पुसते.”

स्वतःला ठाऊक नाही म्हणूनच त्यांनी माप शोधून काढलं होतं. तोंडाकडे पाहून दुखणं ठरवायचं नाही, कारण कुणी मुंगी चावली तरी कण्हतं. काय जमलं नाही ते विचारायचं. म्हणून पाळीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हजेरी व्हायची.

“झाडलं का?”

“झाडलं.”

“पाणी भरलं?”

“भरलं.”

“शाळेत गेली?”

“गेले.”

“उभं राहून शिकवलं का बसून?”

“उभं राहून.”

मग माझ्या कॅलेंडरावर एक फुली पडायची. साधं. टायपिस्टच्या कॅलेंडरावर दोन फुल्यांची गर्दी आणि माझं असं नीटनेटकं. मी एकदाही खोटं बोलले नाही. त्यांनी जे विचारलं त्याचं खरं उत्तर दिलं. मला दुखायचं ते पाळीच्या आधी पाच दिवस सुरू व्हायचं, खाली खोलवर, पाठीच्या बाजूला. शाळेतल्या पहिल्या वर्षी होतं त्याच्या दुप्पट दुसऱ्या वर्षी होतं. पण त्याबद्दल प्रश्न नव्हता आणि आपणहून सांगितलं की “थे राहू दे” असायचं. शिवाय आमच्या घरी दुखणं ही सांगायची गोष्ट नव्हतीच. आमचं गाव भीमपूरकडे, पलीकडे महाराष्ट्र. माझी आई लोकांच्या शेतात कापूस वेचून आम्हाला शिकवत आलेली. ‘कामाले हात लावला का दुखणं इसरते’ हे तिचं वाक्य, आणि ते ती कुणाला ऐकवायला नाही, स्वतःसाठीच म्हणायची.

असे चौदा महिने गेले.

सहामाहीचे पेपर होते. मी स्वयंपाकघरातल्या ओट्यावर गठ्ठा ठेवून उभ्यानं तपासत होते. सिस्टर चहा गाळत होत्या. त्यांनी गाळणी खाली ठेवली.

“तू उभी काऊन हायेस?”

“अशीच.”

“खुर्ची हाय. पाट हाय. मंगळवारी बी उभी होतीस. जेवली बी उभ्यानंच.”

मी पुढचा पेपर ओढला.

“बसली का दुखते?”

“हो.”

“कुठं? बोट ठेव.”

मी बोट ठेवू शकत नव्हते, कारण ते बाहेरून दाखवता येण्यासारख्या जागी नव्हतं. तसं सांगितलं. त्या जवळ आल्या आणि पहिल्यांदाच आवाज खाली आणून विचारलं, “संडासले बसताना?”

मी रडले. मला त्याची आजही लाज वाटत नाही. तो प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून मी चौदा महिने वाट बघत होते, हे मला तो विचारला गेल्यावर समजलं.

सिस्टरनी दारामागचं माझं कॅलेंडर काढलं, चष्मा लावला आणि एकेक पान उलटत सगळ्या फुल्या पाहिल्या. मग ते पालथं घालून ठेवलं. “मी गाढव हाये,” त्या म्हणाल्या. चहा तसाच राहिला. त्या आपल्या खोलीत गेल्या आणि संध्याकाळपर्यंत बाहेर आल्या नाहीत. चूक कबूल करताना त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. टायपिस्ट तर इतकी घाबरली की दारातून विचारून आली, नाडी बघू का?

बाहेर आल्या तेव्हा बोलायला लागल्या ते थेट मधूनच. “मी इचारत होती काय जमलं नाही. ज्या घरात बाया काम सोडूच शकत नाही, त्या घरच्या पोरीले हे इचारून काय फायदा? तुमाले तं सारंच जमते. तिकडं उटनूरकडं बी अशाच बाया. बांबू तोडून आणे अन् म्हणे काही नाही. मी साधं, साधं लिहीत गेली. किती जणीईचं लिहिलं असन.”

त्या रात्री त्यांनी जेवण केलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ‘काय जमलं नाही’ हा प्रश्न त्या घरातून कायमचा गेला. ‘काय करताना दुखलं’ असं विचारणं सुरू झालं. बसताना, उठताना, लघवीला, खोकताना. बिचाऱ्या टायपिस्टलाही पहिल्यापासून परीक्षा द्यावी लागली. ती पुन्हा साध्यातच पास झाली.

नागपूरच्या एका डॉक्टरीणबाईंना सिस्टर ओळखत होत्या. त्यांनी पोस्टात जाऊन ट्रंककॉल लावला, आणि सगळं पोस्ट ऑफिस माझा आजार ऐकत असताना शनिवारची वेळ घेतली. त्याच शनिवारच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, गावाकडे माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं. मुलगा तहसीलीत कारकून, निर्व्यसनी, घरचे लोक बरे. शुक्रवारी आई मला न्यायला आली.

सिस्टरनी तिची नाडी पाहिली, तिला पाट दिला आणि विषय काढला.

“पोरीले मी उद्या नागपूरले नेते.”

“लगीन होऊ द्या,” आई म्हणाली. “लगीन झालं, एखांदं लेकरू झालं का थांबते थे. साऱ्याईचंच थांबते.”

“काही जणीईचं कमी होते, हे खरं हाय. साधं असन तं. हिचं साधं नाही.”

“डॉक्टरकडं गेली हे समजलं तं त्याईले काय वाटन? म्हणन पोरीत खोट हाय.”

“लगीन औषध नाही, बाई.”

“अन् नाही झालं तं? तुमी करान का?” आई शांतपणेच बोलत होती. तिचं खरंच होतं. वडील नव्हते. ते स्थळ भावानं दोन वर्षं चपला झिजवून आणलेलं होतं आणि ते हातचं गेलं तर पुन्हा कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. मी दाराच्या चौकटीला टेकून उभी होते. बसता येत नव्हतं म्हणून उभी होते.

सिस्टर उठल्या. परसात पाणी तापवायच्या चुलीजवळ पऱ्हाट्यांचा, कापसाच्या वाळलेल्या काड्यांचा, भारा पडलेला असायचा. त्यातल्या एका काडीवरचं वाळलेलं बोंड त्यांनी तोडून आणलं. कापूस काढून घेतला की मागं राहतं ते, टोकं सुईसारखी. वेचणाऱ्या बाईच्या बोटांना ती टोकं चांगली ठाऊक असतात.

“मूठ उघडा,” त्या आईला म्हणाल्या, आणि ते बोंड तिच्या तळहातावर ठेवलं. “आता आवळा. सांगत नाही तवरीक सोडू नका. पिशवी दर महिन्याले आवळते, साऱ्याईचीच. पण हिच्या पिशवीत नाही तं भवताली असं काही तरी हाय. म्हून हिचं येगळं. समजन तुमाले.”

आईनं मूठ आवळली.

सिस्टर घड्याळाकडे पाहू लागल्या. एक मिनिट झालं. माझा अंदाज होता, आणि सिस्टरचाही असावा, की आई अर्ध्या मिनिटात ‘हाय बाई’ म्हणेल आणि मुद्दा संपेल. आईनं मला विचारलं, शाळेला सुट्टी कधीपासून आहे. मी सांगितलं. दुसरं मिनिट झालं. तिनं परसातल्या तुरीच्या झाडाकडे पाहून म्हटलं की शेंगा यंदा बऱ्या धरल्यात. तिच्या मनगटाच्या शिरा ताठ झाल्या होत्या, पण चेहरा तसाच होता. सिस्टरनी घड्याळावरची नजर काढून तिच्याकडे पाहिलं.

“सोडा.”

आईनं ऐकलं नसावं.

“सोडा म्हणते ना!” सिस्टर खाली बसल्या आणि त्यांनी स्वतः एकेक बोट उघडलं. तळहाताला चार-पाच ठिकाणी टोकं रुतली होती आणि रक्ताचे थेंब आले होते.

“दुखलं नाही?”

“दुखलं ना.”

“मंग बोलल्या काऊन नाही?”

“तुमी आवळाले सांगतलं होतं.” आईनं हात पदराला पुसला. मग अगदी सहज, भाजीत मीठ किती घालतात ते सांगावं तसं, म्हणाली, “एवढं तं माहं बी दर महिन्याले राहे.”

सिस्टर तशाच जमिनीवर बसून राहिल्या. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला नाही.

आईनं माझ्याकडे पाहिलं. कसं पाहिलं ते मला सांगता येत नाही. मी चौकटीला का टेकले आहे, हे तिला तेव्हा दिसलं असावं. “तुले असं होते?” तिनं विचारलं.

मी मान हलवली.

“नागपूरची पयली गाडी कितीची?” तिनं सिस्टरना विचारलं. “मी बी येते. इतवारचं पुढं ढकलता येते.”

ते पुढं ढकलता आलं नाही. मुलाकडचे म्हणाले, मुलगी नागपूरच्या दवाखान्यात कशाला गेली हे आधी कळू द्या, आणि कळल्यावर त्यांचा निरोप आला नाही. भाऊ माझ्याशी तीन महिने धड बोलला नाही. पुढे मार्चमध्ये माझं ऑपरेशन झालं. बाहेर उगवलेलं अस्तर होतं ते, डाव्या बीजकोशावर जुन्या रक्ताची गाठ धरून बसलेलं आणि मागं आतड्याला चिकटलेलं. काढता आलं तेवढं काढलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की हे पुन्हा येऊ शकतं, आणि थोडंफार आलंही, पण त्यानंतर मी खुर्चीवर बसून पेपर तपासले. लग्न तीन वर्षांनी झालं, भीमपूरच्याच एका शिक्षकाशी. त्याला मी पहिल्या भेटीतच सगळं सांगितलं, कुठं दुखतं ते बोट ठेवून. सिस्टर बाजूला बसून त्याची नाडी मोजत होत्या.

सिस्टर गेल्या तेव्हा मी बदलीवर उटनूरला होते. त्यांच्या भाच्यानं घर रिकामं करताना कॅलेंडरांचे गठ्ठे चुलीत घातले. मला वाईट वाटलं. सिस्टरना वाटलं नसतं. महिना संपला की पानाचं काम संपलं, असं त्या म्हणायच्या. त्यांचा एखादा फोटोही माझ्याकडे नाही. मला त्या आठवतात, नागपूरला त्या शनिवारी दिसल्या तशा.

आम्ही तिघी पहाटेच्या गाडीनं गेलो होतो. मी सारा रस्ता उभी आणि त्या दोघी बसलेल्या. डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं, सोनोग्राफीची चिठ्ठी लिहिली. मला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर सिस्टरच देत होत्या, चौदा महिने तोंडपाठ. आपण कुठं चुकलो तेही त्यांनी न विचारता सांगितलं. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “घरात आणखी कुणाला असा त्रास होता का? आई, मावशी, बहीण?”

सिस्टरनी तोंड उघडलं आणि मिटलं. मग आईकडे पाहिलं.

आई दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. “माहं काय आता,” ती म्हणाली. “बंद होऊन चार वर्सं झाले. आता काय फायदा सांगून?”

“फायदा नाही,” सिस्टर म्हणाल्या. “तरी लिहून घ्या, डॉक्टर.”

डॉक्टरीणबाईंनी माझा कागद बाजूला केला आणि एक कोरा घेतला. बाहेर पेशंटची रांग होती, तरी त्यांनी घाई केली नाही. आईनं पदर खांद्यावर नीट घेतला, स्टूल टेबलाजवळ ओढलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“लिहा,” ती म्हणाली. “पयल्यांदा दुखलं तवा मी तेरा वर्साची होती. अंबाडी खुडून राह्यली होती.”